'व्वोशेख़' आणि आपला 'विदर्भेषु'

प्रश्न असा आला आहे: "सहा महिने पोलिश शिकते आहे. 'भारतात' म्हणजे 'व् इंडियाच' आणि 'जर्मनीत' म्हणजे 'व् न्येमचेच'. एकीकडे 'आच', दुसरीकडे 'एच', असं का? पुस्तकात 'अपवाद, पाठ करा' एवढंच लिहिलंय. आणि भारत एकच असताना त्याचं नाव अनेकवचनी का?"

आधी तो 'च' काढून टाका. रोमन लिपीत सी आणि एच शेजारी दिसले की आपल्याकडे तोंडातून 'च'च बाहेर पडतो, आणि तो ऐकून माझे कान किटले आहेत. पोलिशमध्ये ही जोडी म्हणजे घशात घासून येणारा ख़. व् इंद्याख़, व् न्येमचेख़. एवढा आग्रह अशासाठी, की 'च' म्हटलं की या प्रत्ययाची सगळी वंशावळच पुसली जाते. हा ख़ मुळात स आहे.

शाळेत 'रामे रामयोः रामेषु' आणि 'मालायाम् मालयोः मालासु' घोकलं असेल. एकात षु, दुसऱ्यात सु. पाणिनीचा नियम आहे: इ, उ, ए यांसारखे स्वर किंवा र, क यांच्यापुढे प्रत्ययातला स आला तर त्याचा ष होतो, आ-पुढे स तसाच राहतो. स्लाव्ह भाषांच्या (पोलिश, चेक, रशियन या त्यातल्याच) पूर्वज भाषेतही स बदलला तो जवळपास याच जागांवर, फक्त तो आणखी मागे सरकून घशात गेला. होल्गर पेडरसन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने १८९५ मध्ये हे मांडलं. 'रामेषु'तला एषु तो पोलिशचा एख़, 'मालासु'तला आसु तो आख़. (आ-पुढे खरं तर स टिकायला हवा होता, बाकीच्या अनेकवचनी सप्तम्यांच्या ओढीने तिथेही ख़ आला.)

आता हे वाचून कोणी 'म्हणजे पोलिश संस्कृतातूनच निघाली' असं लिहू नये. दोघी एका जुन्या घरातल्या बहिणी आहेत; एकीला दुसरीची आई करण्याची ही खोड भल्याभल्या संस्कृतज्ञांनाही सुटत नाही, आणि ती साफ चूक आहे.

पुढे झालं असं, की पोलिशमध्ये मालेने रामाला गिळलं. लिंग कोणतंही असो, नामाच्या अनेकवचनी सप्तमीला सरसकट आख़ लागू लागला. जुना एख़ उरला तो फक्त तीन देशांच्या नावांत: व् न्येमचेख़ (जर्मनीत), वे व्वोशेख़ (इटलीत), ना वेंग्झेख़ (हंगेरीत). गंमत पाहा, जर्मन माणसांविषयी बोलायचं तर 'ओ न्येम्त्साख़', म्हणजे नवा प्रत्यय. देशात मात्र जुना. (हा 'त्सा' आपल्या 'चमचा'तल्या च-सारखा म्हणायचा. मराठी माणसाला तो शिकावा लागत नाही.) मग याला अपवाद कसं म्हणायचं? जुना नियम जिवंत आहे आणि पुस्तकवाले त्यालाच परका ठरवतात!

जर्मनीचं पोलिश नाव न्येम्त्सी, म्हणजे 'मुके', आपली भाषा न बोलणारे, ही व्युत्पत्ती कुठेही सापडेल, म्हणून सोडतो. मला मोह आहे तो व्वोशेख़चा. इटलीचं पोलिश नाव व्वोखी. जर्मानिक लोक, म्हणजे जर्मन-इंग्रजांचे पूर्वज, शेजारच्या परक्यांना 'वाल्ह' म्हणत. वेल्स हे नाव त्यातूनच आलं, आणि तोच शब्द स्लाव्हांकडे जाऊन व्वोखी झाला. म्हणजे मुळात हे लोकांचं नाव, म्हणून अनेकवचन, आणि तेच देशाला चिकटलं. आता संस्कृत पाहा: अंग, वंग, कलिंग, पंचाल, ही लोकांची नावं अनेकवचनातच देशांची झाली. पाणिनीने त्यासाठी 'जनपदे लुप्' असं सूत्रच केलं. नलोपाख्यानात दमयंतीचा बाप भीम राहतो तो 'विदर्भेषु'. विदर्भेषु, व्वोशेख़. रीत तीच, विभक्ती तीच, वचन तेच, प्रत्ययही तोच! नागपूरचा माणूस इटलीत जाऊन पोलिशमध्ये बोलला, तर त्याच्या तोंडी विदर्भाचीच सप्तमी येते. हे लक्षात आलं त्या दिवशी मी घरातल्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं होतं.

हेच तीन का उरले? माझं मत ठाम आहे: पोलिश माणूस पिढ्यान् पिढ्या जात-येत राहिला ते हेच देश. कोपर्निकस इटलीत बोलोन्या आणि पादुआला शिकला, बोना स्फोर्झा १५१८ मध्ये इटलीतून राणी होऊन आली, हंगेरीचा लुई १३७० ते १३८२ पोलंडचाही राजा होता, आणि जर्मनी तर उंबऱ्याशी. रोज तोंडी असलेलं रूप झिजत नाही. मराठीतली सप्तमी आठवा: त, ई, आ. 'ऑफिसात' म्हणावं लागतं, 'ऑफिसी' चालत नाही. 'घरी' मात्र हलत नाही. एख़ हा पोलिशचा 'घरी' आहे.

यावर चेकियाचा आक्षेप येतो. तोही शेजारी, तरी 'फ़् चेखाख़' असा नवाच प्रत्यय. आक्षेप खरा आहे, पण त्याने मत बदलायचं कारण मला दिसत नाही. आपण 'घरी' म्हणतो, 'दारी' म्हणतो, आणि तरीही कोणी 'वाडी' राहत नाही, वाड्यातच राहतो.

भारताचं राहिलंच: इंद्ये हे नावही अनेकवचनी साच्यातलं, पण वळण स्त्रीलिंगी. म्हणून त्याला मालेचा आख़.