वाचक विचारतात : शिलाँग, पाऊस आणि पत्र्याची घरं

या वेळी योगायोगाने चार पत्रं मेघालयाबद्दलचीच आली. बहुतेक सुट्टीचे प्लॅन चालू असावेत. म्हणून बाकीच्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबवलंय, रागावू नका.

प्रश्न : जुलैत चार दिवस शिलाँगला जायचं म्हणतोय. घरचे म्हणतात वेड लागलंय का, चेरापुंजी तिथेच आहे, नुसते भिजून परत याल. खरंच तसं आहे का? (सिंहगड रोडवरून एक वाचक)

उत्तर : घरच्यांना म्हणावं, महाबळेश्वर आणि पाचगणी आठवा. मध्ये जेमतेम १८-२० किलोमीटर, पण महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पाचगणीत त्याच्या निम्मासुद्धा नाही. तिकडेही हाच खेळ आहे, फक्त आकडे आपल्याला झीट आणणारे आहेत. बंगालच्या उपसागरावरून निघालेलं बाष्प बांगलादेशच्या सपाट मैदानावरून कुठेही न अडता येतं आणि एकदम तेरा-चौदाशे मीटर उंच कड्यावर आदळतं, त्यातून कड्याला खोल खोल दऱ्या, नरसाळ्यात कोंबल्यासारखे ढग त्यात घुसतात आणि वर चढता चढता रिकामे होतात. चेरापुंजी (स्थानिक नाव सोहरा, तिकडे गेल्यावर तेच म्हणा, लोकांना बरं वाटतं) नेमकी त्या कड्यावर आहे. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत तिथे २६,४६१ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे पडतो, म्हणजे आपला पस्तीस-एक वर्षांचा कोटा त्यांनी एका वर्षात संपवला! सरासरीत मात्र आता शेजारचं मौसिनराम पुढे आहे, ११,८७२ मिलिमीटर.

शिलाँग त्या कड्यापासून पन्नासेक किलोमीटर आत, सुमारे १,५०० मीटरवर, आणि मध्ये शिलाँग पीकचा डोंगर आडवा येतो. त्यामुळे तिथे दोन-सव्वादोन हजारच. छत्री लागेल, बोट नाही. सोहऱ्याला जास्त पाऊस रात्री आणि पहाटे पडतो, तेव्हा दुपारचा घाट धरलात तर काहीतरी दिसायची आशा. एक मात्र सांगून ठेवतो, हिवाळ्यात त्याच सोहऱ्यात पाण्याची बोंब असते, चुनखडी आणि उघडा खडक, पाणी थांबतच नाही. ताम्हिणीकडच्या वाड्यांवर उन्हाळ्यात टँकर का जातो हे ज्याला माहितीये त्याला हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : टेस्ट सिरीजमध्ये "मेघालय पठार कशाचा भाग" याला मी हिमालय टिक केलं आणि चुकलं. नकाशात तर ते हिमालयाच्या शेजारीच दिसतं! (सदाशिव पेठेतली एमपीएससीवाली)

उत्तर : तुझी चूक पुष्कळांची होते, नकाशाच फसवतो. मेघालयाचं पठार म्हणजे आपल्या द्वीपकल्पाचाच तुटलेला तुकडा. राजमहालच्या टेकड्या आणि गारो टेकड्या यांच्यामधली जमीन खचली, त्या खळग्यात गंगा-ब्रह्मपुत्रेने गाळ भरला आणि हा तुकडा एकटा पडला. म्हणजे नात्याने तो आपला, हिमालय नुसता शेजारी. पण आपल्यासारखा काळा बेसाल्ट शोधू नकोस, तिथले मुख्य खडक ग्रॅनाइट, नाईस, क्वार्टझाइट, आपल्या सह्याद्रीच्या खडकापेक्षा कितीतरी म्हातारे. दक्षिण कडेला चुनखडी, म्हणून गुहाच गुहा. सोहऱ्याजवळच्या मॉमलूह गुहेतल्या चुन्याच्या खांबात ४,२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळाची खूण सापडली आणि २०१८ मध्ये पृथ्वीच्या इतिहासातल्या सध्याच्या कालखंडाला "मेघालयन" नाव मिळालं. जगातल्या सगळ्यात ओल्या जागेच्या नावाने दुष्काळाची नोंद, हे मला फार आवडतं. आणि हो, हे परीक्षेला येऊ शकतं.

प्रश्न : जावयांची बदली शिलाँगला झाली. मुलगी म्हणते घर लाकडी आहे, वर पत्रा. एवढ्या जुन्या राजधानीत पक्की घरं नाहीत का? (कोथरूडच्या एक आजी)

उत्तर : आजी, काळजी करू नका, ते घर कच्चं नाही, शहाणं आहे. १२ जून १८९७ ला संध्याकाळी तिथे भयंकर भूकंप झाला (दहा दिवसांनी इकडे गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली, म्हणजे काळ लक्षात येईल). शिलाँगची दगडी बांधकामं जवळजवळ सगळी कोसळली. मग लाकडी सांगाडा, इकरा नावाच्या बोरूसारख्या गवताच्या भिंती त्यावर लिंपण आणि वर हलका पत्रा अशी घरं बांधायला लागले, "आसाम टाइप" म्हणतात त्यांना. हलली तरी डोक्यावर पडत नाहीत. हल्ली मात्र तिकडेही सिमेंटचे मजले चढतायत, ते बघून मला काही बरं वाटत नाही.

राजधानीचं म्हणाल तर तीही पावसानेच दिलेली. इंग्रजांचं ठाणं आधी चेरापुंजीला होतं, पावसाला कंटाळून १८६४ मध्ये ते शिलाँगला आणलं आणि १८७४ मध्ये आसाम वेगळा प्रांत झाल्यावर शिलाँग त्याची राजधानी झालं. हे सगळं गोडीगुलाबीने नाही झालं हं. गुवाहाटीहून सिल्हेटला रस्ता काढायचा म्हणून इंग्रज डोंगरात घुसले तेव्हा नोंगख्लावचा राजा तिरोत सिंग १८२९ पासून चार वर्षं लढला, १८३५ मध्ये ढाक्याला कैदेतच वारला. १९६० मध्ये, आपला महाराष्ट्र झाला त्याच वर्षी, आसामने असमिया राजभाषा केली आणि डोंगरातले लोक बिथरले. २ एप्रिल १९७० ला आसामच्या आतच स्वायत्त राज्य आणि २१ जानेवारी १९७२ ला पूर्ण राज्य. आसामने चंबूगबाळं उचलून दिसपूर गाठलं, शिलाँग मेघालयाकडे राहिलं.

नातीला शाळेत खासी कानावर पडेल, ती भाषा कंबोडियाच्या ख्मेरची लांबची बहीण. पश्चिमेकडच्या गारो लोकांची भाषा पार वेगळी, तिबेटी-बर्मी कुळातली. आणि खासी घरात वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जातं, तिला "का खद्दुह" म्हणतात, आईवडिलांना सांभाळायचंही तिनेच. हे जावयांना सांगू नका, मुलीलाच सांगा.

प्रश्न : पुण्याहून शिलाँगला थेट रेल्वे आहे का? (हडपसर)

उत्तर : शिलाँगला रेल्वेच नाही. राज्यात २०१४ मध्ये पहिली गाडी आली तीसुद्धा गारो टेकड्यांच्या पायथ्याशी मेंदीपथारला, शिलाँगपासून खूप लांब. गुवाहाटीला उतरा, तिथून शेअर सुमो, साधारण शंभर किलोमीटर. वाटेत उमियमचं धरण लागतं, लोक त्याला बडापानी म्हणतात, तिथे ड्रायव्हरला पाच मिनिटं थांबायला सांगा.