कुचुर्गानवर प्रबंध करायचाय म्हणतोस, तर…

प्रिय,

तुझा मेल येऊन चार दिवस झाले, उशीर झाला कारण घाईत उत्तर द्यायचं नव्हतं. मोल्दोव्हापासून फुटून निघालेल्या ट्रान्सनिस्ट्रियातल्या त्या कुचुर्गानच्या वीज केंद्रावर प्रबंध करू का असं विचारलंयस, आणि तुझे एक प्राध्यापक म्हणतात की हा विषय राजकारणवाल्यांचा आहे, इंजिनिअरने यात पडू नये. माझं मत स्पष्ट सांगते, कर. नक्की कर. राजकारणावर लिहिणारे त्या केंद्राचं नाव घेतात आणि लगेच सैनिक, झेंडे, सीमा यावर जातात, स्विचयार्डात, म्हणजे केंद्राच्या ज्या अंगणात सगळ्या लाइनी एकत्र जोडलेल्या असतात तिथे, कुणी डोकावतच नाही. खरी गोष्ट तिथे आहे.

हे केंद्र कसं उभं राहिलं ते नीट समजून घे. सोव्हिएत काळात १९६४ ला पहिलं युनिट (वीजनिर्मितीचा एक संच) चालू झालं, शेजारचं द्नेस्त्रोव्स्क हे गावच मुळी केंद्रासाठी वसवलेलं, आणि कूलिंगचं पाणी कुचुर्गानच्या जलाशयातून, ज्याचा पलीकडचा काठ युक्रेन. बांधणाऱ्यांच्या डोक्यात तेव्हा मोल्दोव्हा आणि युक्रेनमधली सीमा म्हणजे आपल्याकडे दोन जिल्ह्यांची हद्द असते तेवढीच. म्हणून २५२० मेगावॅटचं केंद्र एका छोट्या प्रजासत्ताकाच्या पार कोपऱ्यात बसवलं, बारा युनिटं, त्यातली आठ २०० मेगावॅटची मूळ कोळशावर चालणारी, बाकीची गॅस आणि फर्नेस ऑइलवरची, आणि नंतर खरा भर गॅसवरच राहिला. मोल्दोव्हाच्या गरजेच्या मानाने हे कितीतरी मोठं आहे कारण ते मुळात फक्त मोल्दोव्हासाठी नव्हतंच, ओदेसाकडे वीज जायची आणि ४०० केव्हीची (किलोव्होल्ट) लाइन रोमानिया-बल्गेरियाकडे जायची.

मग सोव्हिएत युनियन फुटलं, १९९२ मध्ये नीस्टर नदीच्या दोन बाजूंमध्ये लढाई झाली, २१ जुलैला शस्त्रसंधी झाली, आणि केंद्र राहिलं डाव्या किनाऱ्यावर. तिथे तिरास्पोलचं, म्हणजे ट्रान्सनिस्ट्रियाच्या राजधानीतलं, वेगळं सरकार बसलं ज्याला संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्य देशाने मान्यता दिलेली नाही, अगदी रशियानेही नाही. दिवे मात्र दोन्हीकडे लागत राहिले. कागदावर एकमेकांना न मानणारी दोन सरकारं एकाच बसबारवर (सगळ्या लाइनी जिला जोडतात ती सामायिक पट्टी) लटकलेली, हे तीस वर्षं चाललं. मला यात आश्चर्य वाटत नाही, लोड डिस्पॅचला, म्हणजे ग्रिडवरची वीज वाटणाऱ्या केंद्रात, वर्षानुवर्षं बसलेल्या कुणालाच वाटणार नाही, फ्रिक्वेन्सी कुणाचा पासपोर्ट बघत नाही.

आता मुद्द्यावर येते. प्रबंधात सगळ्यात आधी एकच प्रश्न धरून बस, गॅसचं बिल कोण भरत होतं? टर्बाइनची एफिशियन्सी वगैरे नंतर बघता येईल. गॅस यायचा गॅझप्रॉम या रशियाच्या सरकारी कंपनीकडून, युक्रेनमधून, आणि बिल लागायचं मोल्दोव्हागाझ या कंपनीच्या नावावर, जिच्यात निम्मा हिस्सा खुद्द गॅझप्रॉमचा. डाव्या किनाऱ्यावरच्या लोकांना गॅस अगदी स्वस्तात मिळायचा, त्यांनी भरलेले पैसे तिरास्पोलच्या तिजोरीत राहायचे, गॅझप्रॉमपर्यंत पोचायचेच नाहीत, आणि थकबाकी वहीत चढत जायची. अब्जावधी डॉलर चढली. त्याच गॅसवर वीज बनायची, २००५ पासून केंद्राची मालक रशियाची इंटर राव ही कंपनी, आणि ती वीज स्वस्तात उजव्या किनाऱ्याला म्हणजे मोल्दोव्हाची राजधानी किशिनाऊला विकली जायची. तिकडची बहुतेक वीज इथूनच यायची. म्हणजे बघ, किशिनाऊ दर महिन्याला स्वस्त वीज घेऊन खूश, तिरास्पोलचा खर्च त्या पैशांवर भागतोय, आणि दोघांच्या डोक्यावर न भरलेल्या बिलाची तलवार, जिची दोरी तिसऱ्याच्या हातात.

तुला आपलं एन्रॉन आठवत असेल, म्हणजे तू जन्मलाही नसशील तेव्हा पण घरी ऐकलं असशील. दाभोळची वीज महाग पडत होती म्हणून राज्य वीज मंडळाने २००१ मध्ये ती घेणं थांबवलं. भांडण झालं, कोर्टकचेऱ्या झाल्या, पण बिल डोळ्यांसमोर होतं म्हणून भांडता तरी आलं. कुचुर्गानमध्ये वीज इतकी स्वस्त की तीस वर्षं कुणाला भांडावंसंच वाटलं नाही, आणि मला हे जास्त धोक्याचं वाटतं. हा माझा विचार आहे, तुला पटला नाही तर खोडून काढ, पण आकडे देऊन खोड.

दुसरी गोष्ट, राजकीय नकाशा भिंतीवर लावण्याआधी सिंगल लाइन डायग्राम (कुठली लाइन कुठून कुठे जाते याची साधी आकृती) काढ. हे मी सगळ्या नवीन पोरांना सांगायचे आणि अर्ध्यांना कंटाळा यायचा, तू तरी करू नकोस. रोमानियातल्या इसाक्चापासून ४०० केव्ही लाइन दक्षिण मोल्दोव्हातल्या वुल्कानेश्टीला येते आणि तिथून जाते कुठे? कुचुर्गानच्या स्विचयार्डात. तिथून मग किशिनाऊला. म्हणजे किशिनाऊने कुचुर्गानकडून एक युनिटही विकत घेतलं नसतं, सगळी वीज रोमानियातून आणली असती, तरी तेव्हा ती मुख्यतः याच केंद्राच्या अंगणातून गेली असती. १६ मार्च २०२२ ला युक्रेन आणि मोल्दोव्हाचं ग्रिड युरोपच्या ग्रिडशी सिंक्रोनाइझ झालं, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर जोडलं गेलं (२४ फेब्रुवारीला पहाटे ते आयलंड टेस्टसाठी (एकट्याने चालून बघायची चाचणी) रशियन ग्रिडपासून वेगळं झालं आणि काही तासांत युद्ध सुरू झालं, त्या कंट्रोल रूममधल्या माणसांचा विचार केला की अजून अंगावर काटा येतो) तरी हा वळसा तसाच राहिला. २३ नोव्हेंबर २०२२ ला रशियाने युक्रेनच्या ग्रिडवर क्षेपणास्त्रं डागली आणि मोल्दोव्हातला निम्म्याहून जास्त भाग अंधारात गेला. मोल्दोव्हावर एकही क्षेपणास्त्र पडलं नव्हतं. हा वळसा टाळण्यासाठीच त्यांनी वुल्कानेश्टीहून थेट किशिनाऊला नवी ४०० केव्ही लाइन बांधायला घेतली. दीडेकशे किलोमीटरची लाइन. माझ्या मते त्या भागातल्या कितीतरी शिखर परिषदांपेक्षा ती जास्त महत्त्वाची आहे.

आता १ जानेवारी २०२५. यावर वेगळं प्रकरण लिही, आणि मन लावून लिही. रशियन गॅस युक्रेनमार्गे नेण्याचा पाच वर्षांचा करार ३१ डिसेंबरला संपला. दक्षिणेकडून तुर्कीमार्गे गॅस आणता आला असता पण गॅझप्रॉमने थकबाकीचं कारण देऊन मोल्दोव्हाचा पुरवठाच बंद केला, त्यांचा आकडा ७० कोटी डॉलरच्या वर, आणि मोल्दोव्हा म्हणतं की आम्ही ऑडिट केलं, त्यात याचा छोटासा तुकडाच खरा निघाला. त्या दिवशी सकाळी डाव्या किनाऱ्यावर घराघरातलं हीटिंग आणि गरम पाणी बंद झालं. भर जानेवारीत. कारखाने थांबले, केंद्र साठवलेल्या कोळशावर गेलं पण ते पुरेना, लोडशेडिंग सुरू झालं, आधी तासाभराचं मग वाढत जाऊन दिवसात कित्येक तासांचं. लोक लाकडं गोळा करायला लागले. चार-साडेचार लाख लोकांची ही वस्ती, त्यात म्हातारी माणसं भरपूर कारण तरुण कामासाठी बाहेर गेलेले. उजव्या किनाऱ्यावर दिवे गेले नाहीत, रोमानियातून वीज आली, पण महाग आली आणि तिथल्या गरिबांना ते बिल जड गेलं. फेब्रुवारीत युरोपियन युनियनच्या पैशातून डाव्या किनाऱ्याला तातडीचा गॅस मिळाला, मग पुढचा पुरवठा एका हंगेरियन कंपनीमार्फत, रशियाच्या कर्जावर. म्हणजे बिलाचा प्रश्न परत तिथेच.

हे वाचताना मला माझी स्वतःची ड्युटी आठवली. मी काही वर्षं एका गॅस प्लांटला होते आणि २०१३ च्या आसपास देशातला गॅस आटला तेव्हा आमची मशीन पूर्ण धडधाकट, माणसं हजर, आणि गॅस नाही. रोज यायचं, लॉगबुकात शून्य लिहायचं, शाफ्ट वाकू नये म्हणून अधूनमधून फिरवायचं, घरी जायचं. ते शून्य लिहिताना हात जड व्हायचा. पण आमच्याकडे दुसरीकडून वीज येत होती, माझ्या आईच्या खोलीत पंखा चालू होता. द्नेस्त्रोव्स्कच्या ऑपरेटरचं तसं नव्हतं, तो शिफ्ट संपवून ज्या घरी जायचा तेही गार. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, डाव्या किनाऱ्यावरच्या लोकांना फुकटे म्हणून मोकळा होऊ नकोस, काही रिपोर्टांत तो सूर असतो. स्वस्त गॅसचा हिशोब त्यांनी मांडला नव्हता, पण थंडी त्यांनीच सोसली. आणि किशिनाऊने मदत देऊ केली ती तिरास्पोलने सुरुवातीला नाकारली, हेही लिही, दडपू नकोस.

शब्दांचं बघ. नावावरून तू कुणाच्या बाजूचा ते तिथे लगेच ओळखतात. 'डावा किनारा' आणि 'उजवा किनारा' वापर आणि पहिल्याच पानावर सांग की का वापरतोयस.

प्रत्यक्ष जायचं ठरवलंस तर एकटा जाऊ नकोस, केंद्राचे किंवा सैनिकांचे फोटो काढू नकोस, काही झालं तर किशिनाऊच्या पोलिसांचा तिथे अधिकार चालत नाही हे लक्षात ठेव. त्यापेक्षा रिटायर झालेले ऑपरेटर शोध, ते मोकळेपणाने बोलतात, आम्ही सगळेच बोलतो. त्यांना झेंड्याबद्दल विचारू नकोस. २३ नोव्हेंबरला फ्रिक्वेन्सी कुठपर्यंत गेली, किती युनिटं ट्रिप झाली (आपोआप बंद पडली), ब्लॅक स्टार्ट, म्हणजे बाहेरच्या विजेशिवाय केंद्र पुन्हा चालू करणं, कसं जमवलं, हे विचार, बाकीचं ते आपणहून सांगतील.

प्राध्यापकांना माझ्यातर्फे एवढंच सांग की पहिली दोन प्रकरणं वाचल्याशिवाय विषय बदलायला लावू नका. महिनाभरात डायग्राम काढून पाठव, पेन्सिलने काढलेला चालेल, लाइनींवर केव्ही आणि दोन्ही टोकांची मालकी लिहिलेली हवी. मी तपासून देते.

तुझी,
मॅडम