पहिला सीव्ही पाठवण्याआधी

तुझा सीव्ही नीट वाचला. वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती हे आधी काढ. ती माहिती लग्नाच्या बायोडेटाची. आधार क्रमांक तर कधीच देऊ नकोस.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट एका ओळीत उरकलास, याचं वाईट वाटलं. चौघांच्या गटात तू नेमकं काय केलंस? सर्किट जुळवलंस, कोड लिहिलास, की चाचण्या घेतल्यास? तेच सविस्तर लिही, आकडे असतील तर दे. फ्रेशरला मुलाखतीत बरेच प्रश्न तिथूनच येतात. ‘मेहनती, प्रामाणिक’ यावर कुणी काही विचारत नाही. ‘एक्सेल येतं’ एवढंच नको. पिव्होट टेबल, व्हीलूकअप येत असेल तर तसं लिही. येत नसेल तर मात्र लिहू नकोस, समोर लॅपटॉप ठेवून करून दाखवायला सांगतात.

अनुभव नसताना एक पान पुरे. पीडीएफच पाठव, वर्डची मांडणी दुसऱ्याच्या संगणकावर विस्कटू शकते. फाइलला ‘न्यू सीव्ही फायनल २’ नको, स्वतःचं नाव दे.

आणि मोबाइल नंबर दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घे. माझ्या पहिल्या सीव्हीत एक अंक चुकला होता. दोन महिने मी फोनची वाट बघत होतो.