बोअरचं पाणी, मीटरवाला आणि रेडॉन

गेल्या वेळी रेडॉनबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा हा किरणोत्सारी वायू आहे. त्याला रंग नाही, वास नाही, आणि वर्षानुवर्षं तो श्वासात गेला तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. त्यावर बरीच पत्रं आली. निम्मी रेडॉनबद्दल, निम्मी घरच्या पाण्याबद्दल. एकत्रच उत्तरं देतो, कारण पुष्कळांनी दोन्हींची भीती एकात मिसळली आहे.

आमचं घर देगलूरला आहे. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून 300 फुटी बोअर घेतली. मुलगी हैदराबादला शिकते. ती म्हणते, ग्रॅनाइटमधल्या पाण्यात रेडॉन असतो, पिऊ नका. खरं आहे का?

मुलीचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर आहे. त्यात युरेनियम फारच कमी, त्यामुळे रेडॉनही कमी. बार्शी किंवा सिन्नरहून हा प्रश्न आला असता, तर मी एका वाक्यात सोडून दिला असता. पण देगलूर-बिलोलीकडे खाली ग्रॅनाइट लागतो. गडचिरोली-भंडाऱ्याचा बराच भाग आणि सिंधुदुर्गातले काही पट्टेही तसेच जुन्या खडकाचे. बेंगळुरूच्या आसपास अशाच खडकातल्या बोअरमध्ये रेडॉनचं प्रमाण जास्त सापडलेलं आहे.

मात्र पाण्यातला रेडॉन पिण्यापेक्षा श्वासातून जास्त घातक ठरतो. पाणी उघडं पडलं, फवारलं, गरम झालं की तो हवेत निसटतो. तुमचं पाणी बोअरमधून गच्चीवरच्या टाकीत वरून पडतं, तिथे साठतं, मग नळाला येतं. पडतानाच बराच वायू उडून जातो, आणि उरलेल्यातला निम्मा दर 3.8 दिवसांनी आपोआप नष्ट होतो. वर आपल्याकडची घरं खिडक्या उघड्या असलेली. स्वयंपाकघराची आणि न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवा. रेडॉनसाठी एवढं पुरे.

तुमच्या जागी मी आधी फ्लोराइड तपासलं असतं. त्याच खडकातून तेही पाण्यात उतरतं आणि टाकीत साठवल्याने ते कुठेही जात नाही. नांदेड जिल्ह्यातच किनवटकडे फ्लोराइडचा त्रास जुना आहे. यवतमाळ आणि चंद्रपुरातही आहे. भारतीय मानकानुसार ते लिटरला 1 मिलिग्रॅमच्या आत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालतं. त्यापुढे गेलं की आधी मुलांच्या दातांवर चट्टे दिसतात, पुढे हाडं आखडतात. फ्लोराइडबरोबर युरेनियमही तपासून घ्या. त्याची मर्यादा लिटरला 0.03 मिलिग्रॅम. त्यात मुख्य भीती मूत्रपिंडाची असते, किरणोत्साराची नंतर.

फिल्टरवाला घरी आला. मीटर बुडवून 620 टीडीएस दाखवला. मग पाण्यात सळया घालून करंट सोडला तर पाणी हिरवं-काळं झालं! त्याच्या मशीनचं पाणी मात्र स्वच्छ राहिलं. हे विष आम्ही रोज पितोय का? (जामखेड)

ही सळयांची जादू आता तालुक्याच्या गावांतही पोचली म्हणायची. त्या यंत्रात एक सळई लोखंडाची असते, एक ॲल्युमिनियमची. क्षार असलेल्या पाण्यातून वीज जाते, लोखंड विरघळतं आणि त्याचाच हिरवट-तपकिरी गाळ वर येतो. घाण पाण्यातली नव्हे, सळईतली! आरओच्या पाण्यात क्षार नसतात, त्यामुळे वीज धड जात नाही आणि गाळही होत नाही. पुन्हा आला तर त्याच्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणावं, आता चालव यंत्र.

टीडीएस म्हणजे विरघळलेल्या क्षारांची बेरीज. 500 पर्यंत उत्तम, दुसरी सोय नसेल तर 2000 पर्यंत मान्य. 620 ला चव थोडी जड लागेल, गीझरमध्ये खडे धरतील, डाळ शिजायला वेळ लागेल. बेरीज चांगली आली म्हणजे पाणी चांगलं, असंही नाही. मीटरला जंतू दिसत नाहीत, आणि क्षारांमध्ये नायट्रेट किती हे तो सांगू शकत नाही. 300 टीडीएसच्या पाण्यात मैला मिसळलेला असू शकतो.

काळ्या पाषाणातल्या गावांत मला खरी काळजी नायट्रेटची वाटते. शेजारचा शोषखड्डा, गोठा, उसाला टाकलेला युरिया हे सगळं भेगांमधून खाली झिरपतं. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, त्यात सवलत नाही. वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला असं पाणी दिलं तर रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते आणि बाळ निळं पडू शकतं. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मात्र उलट घट्ट होतं, कारण पाणी आटतं. अहवालात नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त आलं तर आरओ जरूर घ्या. टाकाऊ पाणी शुद्ध पाण्याच्या दोन-तीन पट निघतं. ते फरशीला वापरा. अहवालात यातलं काही नसेल तर गाळून, उकळून किंवा साध्या यूव्ही फिल्टरवर भागतं. मशीन आधी आणि तपासणी नंतर, हा क्रम विकणाऱ्याच्या सोयीचा आहे.

मग तपासायचं कुठे? नमुना कसा न्यायचा?

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आणि काही तालुक्यांतही आहेत. आधी फोन करून शुल्क आणि वार विचारा, शनिवारी नमुना नेऊन कुलूप बघू नका. नमुने दोन लागतात. रासायनिक तपासणीला स्वच्छ कॅन चालतो, तो त्याच पाण्याने दोन-तीनदा खळबळून भरा. जंतूंसाठी बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक केलेली आणा, आतून हात लावू नका, विसळू नका. नळ पुसून दोन-तीन मिनिटं वाहू द्या, मग भरा, आणि बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवा. थंडपेयाच्या जुन्या बाटलीतून नेलेल्या नमुन्यात जंतू सापडले तर ते बोअरचे की बाटलीचे, कुणी सांगावं? रासायनिक तपासणी वर्षातून एकदा पुरते. जंतूंची मात्र पावसाळा लागल्यावर कराच, कारण पहिल्या मोठ्या पावसात वरचं पाणी बोअरच्या केसिंगशेजारून आत शिरतं.

आम्ही अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात घर घेतोय. तपासणीत बेसमेंटमध्ये रेडॉन 6.8 आला. आई-बाबा दर उन्हाळ्यात सहा महिने येतात, त्यांची खोली बेसमेंटमध्येच करायचा विचार होता. घराला स्वतःची विहीर आहे. सौदा मोडावा का?

मोडू नका, पण हा आकडा मनावर मात्र घ्या. तो पिकोक्युरी प्रति लिटर या किरणोत्साराच्या मापात आहे आणि तिकडच्या पर्यावरण संस्थेच्या मते 4 किंवा जास्त आला की घर दुरुस्त करावं. जागतिक आरोग्य संघटनेची पातळी त्याहून कडक, सुमारे 2.7.

तुमच्या राज्यातच हा विषय जगासमोर आला. डिसेंबर 1984 मध्ये लिमरिक इथल्या अणुवीज केंद्रातले अभियंते स्टॅन्ली वॉट्रस कामावर गेले की किरणोत्साराचा भोंगा वाजायचा. केंद्र तेव्हा सुरूही झालेलं नव्हतं. शोध घेतल्यावर कळलं की ते किरणोत्सार घरून घेऊन येत होते. त्यांच्या घरात रेडॉन त्याच मापात सुमारे 2,700 निघाला. रीडिंग प्राँग नावाचा जुन्या खडकाचा पट्टा तिथून उत्तर न्यू जर्सीकडे जातो, त्यामुळे तिकडच्या मराठी मंडळींनी हे वाचून सोडून देऊ नये.

थंडीत बंद घरातली गरम हवा वर जाते आणि बेसमेंट जमिनीतला वायू शोषून घेतं. त्यावर उपाय सरळ आहे. फरशीला भोक पाडून पाइप घालतात, पंखा लावतात आणि वायू छपरावर सोडतात. बहुतेकदा हजार-दोन हजार डॉलरमध्ये होतं, आणि हा खर्च विकणाऱ्याकडून मागता येतो. काम झाल्यावर पुन्हा मोजा, नंतर दर दोन वर्षांनी. तोवर आई-बाबांना वरच्या मजल्यावर झोपवा. बाबा सिगारेट ओढत असतील तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण धूर आणि रेडॉन मिळून धोका फार वाढतो.

विहिरीचं पाणी वेगळं तपासा. तिथे ते दाबाच्या बंद टाकीतून थेट शॉवरला येतं, वाटेत उघडं पडतच नाही. ढोबळ हिशेब असा की पाण्यात 10,000 असेल तर घरच्या हवेत सुमारे 1 ची भर पडते. म्हणजे तुमचे 6.8 बहुधा मातीतून आलेत. आधी पंखा बसवा. पाण्यात फारच जास्त निघाला तर घरात शिरण्याआधी त्यातून हवा घालून वायू बाहेर काढणारी यंत्रणा मिळते. स्वयंपाकघरातल्या एका नळाला फिल्टर लावून उपयोग नाही, तुम्ही आंघोळ तिथे करत नाही. न्यू जर्सीत खासगी विहिरीचं पाणी घर विकताना तपासणं कायद्याने बंधनकारक आहे. पेनसिल्व्हेनियात तसं नाही, तेव्हा जंतू, नायट्रेट, शिसं आणि आर्सेनिक यांचीही तपासणी स्वतःच करून घ्या.

स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा ओटा आहे. काढून कडाप्पा बसवू का?

नको. ओट्यातून निघणारा रेडॉन नगण्य असतो. तो खर्च वाचवा आणि गॅससमोर एक्झॉस्ट लावा.

पावसाळ्यात पाणी गढूळ येतं. तुरटी फिरवून तांब्याच्या हंड्यात ठेवतो. चालेल ना? (राजापूर)

तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. तांब्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले काही जंतू कमी होतात, पण साथीच्या दिवसांत त्यावर विसंबू नका. तुरटी फिरवा, वरचं निवळ पाणी कपड्यातून गाळा, मग उकळा. ते जमत नसेल तर आशाताईंकडे मेडिक्लोर, म्हणजे क्लोरीनचं औषध, मागा, बाटलीवर लिहिलंय तेवढेच थेंब घाला आणि अर्धा तास थांबून मग प्या. क्लोरीन गाळ काढल्यावरच घाला. गढूळ पाण्यात तो गाळावरच खर्च होतो.