‘लिगंडसंरक्षित’ की ‘लिगंडबद्ध’?

गुजरीतल्या सराफी घराण्यातले आणि सध्या कोल्हापुरातच रसायनशास्त्र शिकणारे एक वाचक विचारतात की, थायोलेटसारख्या (गंधकामार्फत सोन्याला जोडल्या जाणाऱ्या) लिगंडांनी, म्हणजे धातूच्या अणूंना बांधल्या जाणाऱ्या रेणूंनी किंवा आयनांनी, वेढलेल्या सोन्याच्या छोट्या क्लस्टरांना, म्हणजे मोजक्या अणूंच्या समूहांना, मराठीत ‘लिगंडसंरक्षित सुवर्णपुंज’ म्हणावे, की सरळ ‘कोंदणातले सुवर्णगुच्छ’?

‘पुंज’ येथे टाळावा. ‘पुंजयामिकी’मुळे तो क्वांटमसाठी रुळला आहे आणि या क्लस्टरांविषयी लिहिताना दोन्ही अर्थ एकाच परिच्छेदात येतात. ‘तारकागुच्छ’ परिचयाचा आहे, तेव्हा ‘सुवर्णगुच्छ’ चालावा.

‘कोंदण’ सुचणे गुजरीच्या माणसाला साहजिकच. मात्र कोंदणात खडा वेगळा आणि त्याला धरणारे सोने वेगळे असते. येथे तसे नाही. २००८ मध्ये ज्याची स्फटिकरचना उलगडली तो २५ सुवर्ण अणूंचा आणि १८ थायोलेटांचा ऋणभारित गुच्छ घ्या. त्याच्या गाभ्यात विंशतिफलकाच्या (वीस त्रिकोणी पृष्ठांच्या घनाकृतीच्या) केंद्रस्थानी एक आणि शिरोबिंदूंवर बारा, असे १३ अणू असतात. उरलेले १२ अणू गंधक–सोने–गंधक–सोने–गंधक अशा सहा साखळ्यांत विभागलेले असून प्रत्येक साखळी दोन्ही टोकांच्या गंधकांनी गाभ्याला जोडलेली असते. जवळजवळ निम्मे सोने असे कवचातच गुंतलेले असताना, आत सोने आणि बाहेर त्याचा रक्षक असे सुचवणारा ‘संरक्षित’ अपुरा पडतो, म्हणून मी ‘लिगंडबद्ध’ पसंत करतो.

‘बद्ध’ला आणखी एक आधार आहे. प्रत्येक सुवर्ण अणूचा एक संयुजा (बंधात भाग घेणारा, सर्वांत बाहेरचा) इलेक्ट्रॉन धरला आणि प्रत्येक थायोलेट त्यांतला एक अडकवून ठेवतो असे मानले, तर २५ मधून १८ वजा जाऊन ७ उरतात आणि ऋणभाराचा एक मिळवून ८ होतात. ८, १८, ३४, ५८ या संख्यांना गुच्छाचे इलेक्ट्रॉन-कवच पूर्ण भरते. १०२ सुवर्ण अणूंच्या आणि ४४ थायोलेटांच्या गुच्छाची रचना २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याचा हिशेबही बरोबर ५८ येतो. फॉस्फिन हा फॉस्फरसयुक्त लिगंड मात्र असा इलेक्ट्रॉन अडकवत नाही, त्यामुळे तेथे वजाबाकी हॅलाइडांची (क्लोराइडसारख्या लिगंडांची) आणि धनभाराची करावी लागते.

त्यावरून ‘स्थिर’ म्हणजे ‘आठ किंवा अठ्ठावन्न इलेक्ट्रॉनांचा’ असे समीकरण मात्र मांडू नये. ३८ अणूंच्या आणि २४ थायोलेटांच्या गुच्छात हिशेब १४ वर येतो, तरी तो चांगला टिकाऊ आहे, कारण त्याचा २३ अणूंचा गाभा एक फलक सामाईक असलेल्या दोन विंशतिफलकांचा आहे; म्हणजे दोन अणू जोडून रेणू व्हावा तसे येथे दोन विंशतिफलक जोडले आहेत, आणि दोन अणूंच्या फ्लोरिनच्या रेणूतही संयुजा इलेक्ट्रॉन चौदाच असतात.