दगडांवर प्राण्यांचे चेहरे रंगवायचे आहेत. रंग कोणते घ्यावेत, सुरुवात कशी करावी?

अ‍ॅक्रिलिक रंगच घ्या. पोस्टर कलर पाणी लागलं की सुटतो आणि मुलांची सगळी मेहनत वाहून जाते.

आधी दगड निवडा, प्राणी नंतर. गुळगुळीत गोटा हातात फिरवून बघा. लांबट असेल तर अंग मुडपून झोपलेली मांजर, उभट चपटा असेल तर घुबड, एका टोकाला निमुळता असेल तर उंदीर. आकार दगडच सुचवतो, हीच तर यातली खरी मजा!

दगड घासून धुवा आणि दिवसभर उन्हात वाळवा. ओल राहिली तर रंगाचे पापुद्रे निघतात. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी काळा बेसॉल्टच मिळतो. त्यावर थेट पिवळा-केशरी मळकट दिसतो, म्हणून आधी पांढऱ्याचे दोन पातळ हात द्या.

डोळ्यांना घाई नको. काळी बाहुली सुकली की दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका द्या. त्याने चेहरा जिवंत होतो. त्यासाठी टूथपिक पुरते. केस मात्र ० नंबरच्या ब्रशने, नाकाकडून बाहेर ओढा.

बाल्कनीत ठेवणार असाल तर वरून वॉर्निशचा हात द्या.