जळगावच्या उन्हाळ्यात खेळायला प्लेस्टेशन २ वर स्नोबोर्डिंगचा कोणता गेम घ्यावा?

भाऊ, डोळे झाकून 'एसएसएक्स ३' घ्या. २००३ चा गेम आहे, पण माझ्या मते त्याची सर अजून कशाला नाही. एकच भलामोठा डोंगर, त्याची तीन शिखरं. तिन्ही खुली झाली की माथ्यावरून थेट पायथ्यापर्यंत न थांबता उतरता येतं. हवेत करामती केल्या की बूस्टचा मीटर भरतो, तो वेगासाठी वापरायचा. मात्र खाली टेकायच्या आत गिरकी पूर्ण करा, नाहीतर आपटलात म्हणून समजा. आम्ही भुसावळला मे महिन्यात, बाहेर पारा ४५ अंशांवर असताना, कूलरसमोर बसून हाच खेळायचो. दुसरा कंट्रोलर असेल तर भावालाही बसवा, दोघांना एकाच टीव्हीवर शर्यत लावता येते.